बिननावाची गाठ

१

पोळ्याच्या करीला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, अर्ध्या अमरावतीच्या घरांतून मटणाच्या रश्श्याचा वास येतो. भातकुली रोडवरच्या मनकर्णाबाईंच्या घरातून मात्र त्या दिवशी जळक्या बिब्ब्याचा वास यायचा. घरातल्या प्रत्येकासाठी नजरेचा दोरा करायचा, तो याच दिवशी आणि स्वतःच्या हातानं, असा त्यांच्या सासरचा रिवाज. तसले दोरे बाजारात ढिगानं मिळतात, प्लास्टिकचे मणी लावलेले. मनकर्णाबाईंच्या लेखी ते दोरेच नव्हते. "ते गाडीच्या आरशाले लटकवा," त्या म्हणायच्या, "माणसाले नोको."

काम तसं किचकट. आधी बोटांना तिळाचं तेल चोपडायचं, कारण बिब्ब्याचा रस कातडीला लागला की तो उततो आणि फोडच फोड येतात. मग तार तापवून बिब्ब्याला आरपार भोक पाडायचं. सुती काळ्या दोऱ्याला पीळ घालायचा, त्यात बिब्बा, बारकी कवडी आणि एक सरकी ओवायची. घर पिढीजात फुलवाल्यांचं. धाकटा मुलगा मनोज हारांचं दुकान चालवायचा, त्यामुळे सुई-दोऱ्याची कोणाला नवलाई नव्हती. पण खरं काम शेवटच्या गाठीचं. ती ओढताना ज्याचा दोरा त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं. आणि रक्ताच्या कोणालाही वगळायचं नाही. एकाला वगळलं की बाकीच्यांच्याही गाठी सैल पडतात.

या दुसऱ्या नियमानं यंदा मनकर्णाबाईंची पंचाईत केली होती.

मनोजचा दोरा झाला. सून गीतांजलीचा झाला. उरला कुंदनचा. कुंदन थोरला, अकोल्याला बियाण्यांच्या एका कंपनीत नोकरीला. त्याच्याशी त्या बोलत नव्हत्या. किसनराव, म्हणजे मनकर्णाबाईंचे मालक, दवाखान्यात होते तेव्हा त्यांचा हात सुजला आणि मनगटातला दोरा मांसात रुतला. मनकर्णाबाई खाली चहा आणायला गेल्या होत्या. नर्स म्हणाली, हा काढा. कुंदननं कात्री मागितली आणि कापून टाकला. दुसऱ्या दिवशी किसनराव गेले. भरल्या घरात, मयतापुढं, मनकर्णाबाई ओरडल्या होत्या, "तू कापला! तूच नेलं त्याइले!" तेव्हापासून त्याचा फोन आला की त्या मोबाईल उपडा ठेवायच्या. हात सुजला होता हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पण दिसलं म्हणून राग जातो थोडाच!

"आई, दादाचा करता न?" गीतांजलीनं भीत भीत विचारलं.

"रिवाज आहे म्हून करून रायली. त्याचं नाव नाई घेत मी."

"नावाबिगर गाठ कशी बसन?"

"बसते का नाई पायतो मी!" मनकर्णाबाईंचा आवाज चढला. दोऱ्याची दोन्ही टोकं त्यांनी दात-ओठ खाऊन धरली. "कोणाचा का असेना. ज्याले पाह्यजे त्यानं घालावं!"

आणि गाठ ओढली. ती चांगली बसली, इतर गाठींपेक्षा जरा घट्टच. दोरा त्यांनी दाराजवळच्या खिळ्याला अडकवला आणि राख भरायला घेतली.

२

दुसऱ्या दिवशी खिळा रिकामा.

मनकर्णाबाईंनी आधी जमिनीवर पाहिलं, मग चपलांच्या फळीखाली, मग सरळ स्वयंपाकघरात जाऊन गीतांजलीपुढं उभ्या राहिल्या. "त्याले पाठोला न तुनं?"

"मी नाई हात लावला आई. मले वाटलं तुमीच काढून ठेवला."

"खोटं बोलू नोको. मायं नाक कापाले निघाले तुमी दोघं!"

गीतांजलीनं आईची, देवाची, पोटच्या होणाऱ्या पोरांची, सगळ्यांची शपथ घेतली. मनोजनं दुकानातून फोनवर घेतली. मनकर्णाबाईंना कोणाचंच पटलं नाही. चोर घरातलाच आहे एवढं मात्र त्यांनी ठरवून टाकलं, आणि ठरवल्यावर त्यांना जरा बरंही वाटलं.

दुपारी त्या पडल्या होत्या. अंगणातला नळ सुरू झाल्याचा आवाज आला. कोणीतरी पायांवर पाणी घेत होतं. आधी एक पाय, मग दुसरा, मग टाच फरशीवर घासल्याचा आवाज. घरच्या माणसाचा आवाज वेगळाच असतो, पाहुणा असा निवांत पाय धुत नाही. नळ बंद झाला. दार करकरलं.

"मनोज, आज लवकर आला का रे?"

त्या उठून बाहेरच्या खोलीत आल्या. तिथं कोणी नव्हतं. दारापासून खोलीच्या मध्यापर्यंत ओली पावलं उमटली होती. तिथून पुढं गेलेली नव्हती आणि मागं फिरलेलीही नव्हती. मधोमध पावलांची जोडी, बोटं आतल्या खोलीकडे केलेली, उभी होती.

मनकर्णाबाई त्या पावलांकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी पोतेरं आणलं, फरशी खसाखसा पुसली आणि गीतांजलीला हाक मारून ओल्या पायांनी घरात हिंडण्याबद्दल झाप झाप झापलं. गीतांजलीचे पाय कोरडे होते. तेही त्यांना दिसलं, आणि त्या आणखीच भडकल्या.

३

पुढच्या दिवशी जेवायला बसताना गीतांजलीनं एक ताट जास्त मांडलं.

"हे कोणाचं?"

गीतांजली ताटाकडे पाहतच राहिली. "सवयीनं मांडलं आई."

"कोणाची सवय तुले? तू लग्न होऊन आली तवा कुंदन अकोल्याले गेला होता."

"कोण?" गीतांजली म्हणाली. अगदी साधं म्हणाली, चिडवण्यासाठी नाही. मग तिनं त्या ताटात भाकरी वाढली, भाकरीवर वांग्याची भाजी घातली, आणि हात धुवायला उठली. मनकर्णाबाई मीठ घ्यायला वळल्या आणि परत फिरल्या, तेवढ्यात भाकरी मोडलेली होती. मांजर असेल. या घरात मांजर येत नाही, कारण मनकर्णाबाई त्याला चपलेनं मारतात. पण मांजरच असेल.

दुपारी मनोजनं दुकानाचं काम घरी आणलं होतं. भातकुलीच्या एका देवळासाठी झेंडूचं लांबलचक तोरण होतं. बाहेरच्या खोलीतून त्याचा आवाज येत होता. तो बोलायचा, थांबायचा, हसायचा, पुन्हा बोलायचा. मनकर्णाबाईंनी कान दिला. थांबत होता तिथं त्याला उत्तर मिळत असावं, कारण त्याच्या पुढच्या वाक्याची सुरुवात "हाव न, मंग" अशी व्हायची. उत्तर मात्र ऐकू येत नव्हतं. तिथं नुसती एक जागा सुटत होती.

त्या आत गेल्या. मनोज एकटा बसला होता. पण असलं मोठं तोरण दोघं दोन टोकांकडून ओवत आणतात, मध्ये गाठ मारतात, आणि हे तोरण तसंच दोन टोकांकडून आलं होतं. मनोजच्या बाजूची फुलं सरळ होती. पलीकडची फुलंही नीट, घट्ट, सारख्या अंतरावर होती, फक्त सगळी उलटी ओवलेली. देठ वर, पाकळ्या खाली.

"कोण होतं रे इथी?"

"कोण म्हंजे? तो."

"तो कोण?"

मनोजनं तोंड उघडलं. ओठ हलले, पण शब्द निघाला नाही. त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या, आणि मग तो आईवरच उखडला. "तू बी न आई! काहीबाही विचारत रायते. घरचाच तं आहे!"

४

आता मनकर्णाबाईंचं डोकं नेहमीच्या रस्त्यानं चालायला लागलं. त्यांचं वय झालंय, बीपीची गोळी चुकली, उकाडा आहे, हे सगळं त्यांनी मनातल्या मनात तपासलं आणि बाजूला ठेवलं. त्यांना एकच सरळ अर्थ दिसत होता. कुंदन येतो. आपल्याला चोरून येतो, दुपारी, आपण झोपलो की. ही दोघं त्याला जेवू घालतात, तोरण ओवायला बसवतात आणि आपल्यापुढं वेड पांघरतात. दोराही त्यानंच नेला.

हा अर्थ त्यांना फार सोयीचा होता. त्यात राग करायला तीन माणसं होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या झोपल्याच नाहीत. आतल्या दाराच्या पडद्यामागं उभ्या राहिल्या. वाटेवरून भाजीवाला ओरडत गेला. शेजारच्या जाईबाईंच्या घरात कुकरची शिट्टी झाली. मग नळ सुरू झाला. एक पाय, दुसरा पाय, टाच. दार करकरलं. पावलं खोलीत आली आणि किसनरावांच्या खाटेची नवार कुरकुरली. मोठ्या अंगाचं माणूस बसलं की ती अशी कुरकुरते.

"लाज नाई वाटत तुले?" मनकर्णाबाईंनी पडद्याआडूनच सुरू केलं. आवाज थरथरत होता, पण रागानंच, असं त्यांना वाटलं. "बापाच्या खाटेवर बसतो? त्याइच्या हातचा दोरा कापला अन् त्याइच्या खाटेवर येऊन बसतो? बोलत काहून नाई? तोंड कुठी गेलं तुयं?"

पडद्याच्या पलीकडून कोणीतरी श्वास घेतला. लांब श्वास. सोडल्याचा आवाज आला नाही.

पडद्याची कड हलली आणि तिथं एक हात दिसला. हात मोठा, गव्हाळ, पुरुषाचा. मनगटात त्यांचा दोरा होता. त्यांचाच पीळ, त्यांचीच कवडी. हात मदतीसाठी पुढं केला होता की ओळख द्यायला, ते कळत नव्हतं. तळवा वर केलेला होता आणि तळव्यावर एकही रेष नव्हती. कणीक मळून गोळा ठेवावा तसा तो कोरा होता.

मनकर्णाबाईंनी डोळे मिटले. उघडले तेव्हा पडदा सरळ लोंबत होता. पलीकडे नवारीत खळगा पडलेला होता आणि तो हळूहळू वर येत होता.

५

त्यांनी मोबाईल घेतला आणि मागच्या अंगणात जाऊन कुंदनला फोन लावला. वर्ष होत आलं, त्यांनी तो नंबर लावला नव्हता.

"आई?" पलीकडून आवाज आला. त्याच्यामागं मोटारसायकली वाजत होत्या, कोणीतरी पोत्यांबद्दल ओरडत होतं. तो अकोल्यातच होता, चालत्या बाजारात उभा.

"तू इथी आला होता का?"

"नाई. कसा येईन? तू घेशीन का घरात?"

"तुले दोरा भेटला का?"

"कोणता दोरा, आई? मले कोणी काहीच नाई दिलं." मग त्याचा आवाज बारीक झाला. लहानपणी ताप चढला की त्याचा असा व्हायचा. "आई, मले काय होऊन रायलं समजत नाई. पोळा झाला तवापासून. कंपनीत साहेब मले विचारते, तुमी कोणाकडे आले? इतके वर्सं झाले मी तिथी. मनोजले फोन केला, तं तो म्हणे, कोण पाह्यजे तुमाले? मले वाटलं, तूच त्याले तसं बोलाले लावलं."

मनकर्णाबाई तुळशीच्या ओट्यावर बसल्या. कोणाचा का असेना, असं त्या म्हणाल्या होत्या. ज्याला पाहिजे त्यानं घालावं. आणि ज्याला पाहिजे होता त्यानं घातला होता. दोरा पोराच्या हिश्श्याचा होता. त्या दोऱ्याबरोबर ताट गेलं, खाट गेली, भाऊ गेला. आता काय उरलं होतं जायला?

"आई, राग आहे का अजून?"

इथं त्यांनी एक शब्द बोलायला हवा होता. येते मी, एवढंच. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात ते खोटं नाही. "ठेव आता," त्या म्हणाल्या आणि त्यांनीच ठेवला.

आत येऊन त्यांनी मनोजला विचारलं, "तुया भाऊ कुठी आहे रे?"

"घरीच तं आहे," मनोज म्हणाला. गीतांजलीनं पोळ्या लाटता लाटता हनुवटीनं बाहेरच्या खोलीकडे दाखवलं.

मग मात्र मनकर्णाबाईंना राग आला. आजवरचे सगळे राग त्याच्यापुढं पोरखेळ होते. त्या घरावर चिडल्या, त्या खाटेवर बसणाऱ्यावर चिडल्या, आणि सर्वांत जास्त स्वतःच्या जिभेवर. "मायं पोरगं आहे ते!" त्या बाहेरच्या खोलीकडे तोंड करून किंचाळल्या. "अकोल्याले आहे मायं पोरगं! मी चालली त्याच्याकडं, माया हातानं बांधून येतो दोरा, मंग पायतो तू कसा रायते इथी!"

त्यांनी पुन्हा तार तापवली. या वेळी बिब्बा आधी कापसात गुंडाळला, मग ओवला. कुंदनचा दोरा नेहमी असाच व्हायचा. लहानपणी त्याच्या मनगटावर बिब्बा उतला होता आणि चिंचोक्याएवढा खरबरीत डाग कायमचा राहिला होता. करीच्या दिवशी, रागाच्या भरात, त्या कापूस लावायला विसरल्या होत्या. शेवटची गाठ त्यांनी मोकळी ठेवली. ती त्याच्या मनगटावर, त्याचं नाव घेऊन मारायची होती.

६

सकाळच्या एसटीत खिडकीजवळ जागा मिळाली. बडनेऱ्याला गाडी खच्चून भरली. माणसं दांड्यांना लोंबकळत होती, पण मनकर्णाबाईंच्या शेजारी कोणी बसेना. एक बाई पोराला कडेवर घेऊन आली, त्या जागेकडे पाहिलं आणि "राहू द्या, राहू द्या" म्हणत पुढं सरकली.

कंडक्टर आला. "दोन का बाई?"

"एक. अकोला. डोये फुटले का तुमचे?"

कंडक्टरनं शेजारच्या जागेकडे एकदा पाहिलं, मनकर्णाबाईंकडे एकदा पाहिलं, आणि काही न बोलता एकच तिकीट फाडलं. मूर्तिजापूर येईपर्यंत मनकर्णाबाई खिडकीबाहेर पाहत होत्या. एकदाही मान वळवली नाही. सीट मात्र त्यांच्या बाजूला कलली होती, शेजारी जड माणूस बसल्यावर कलते तशी, आणि प्रत्येक खड्ड्याला त्यांच्या दंडाला काहीतरी गार लागत होतं. खिडकीचा गज असेल, त्यांनी स्वतःला सांगितलं. खिडकी दुसऱ्या बाजूला होती.

अकोल्यात कुंदनची खोली एका जुन्या घराच्या माडीवर होती. खाली घरमालकीण पार्बताबाई गहू निवडत बसली होती.

"कुंदन आहे का वर?"

"सकायी पिशवी घेऊन निंघाला तं होता बाप्पा," पार्बताबाई म्हणाली. "पण आता वरचा नळ वाजला. पाय धुतले कोणंतरी. वापस आला असन."

मनकर्णाबाई जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबल्या. त्यांच्या मनात काहीतरी आलं आणि त्यांनी ते पुरतं येऊ दिलं नाही. पिशवी घेऊन निघाला होता, म्हणजे बाजाराला गेला असेल. आला परत. पोरगा घरी येतो तेव्हा पाय धुतोच. आपणच तर शिकवलंय.

वर दार नुसतं लोटलेलं होतं. आत तो पलंगावर बसला होता. खिडकी त्याच्या पाठीमागं, ऊन डोळ्यांवर येत होतं, चेहऱ्याच्या जागी नुसता काळोख. पण खांदे त्याचेच. बसायची पद्धत त्याचीच.

"असा अंधारात काहून बसला? दार उघडं टाकून?" मनकर्णाबाईंनी दारातूनच सुरुवात केली, कारण त्यांना बोलायची दुसरी रीत येत नव्हती. "काल फोनवर रडवेला झाला होता न? अन् आज माय आली तं उठतही नाई?"

तो उठला नाही. त्या त्याच्यापुढं जमिनीवर बसल्या, आणि इतक्या दिवसांचं सगळं बाहेर पडलं. "हात सुजला होता त्याइचा. मले मालूम होतं. मी खाली चहा आणाले गेली न, ते पाहवत नव्हतं म्हून गेली. तू कापला ते बरं केलं. पण राग कोणावर काढू मी? देवावर काढला तं तो काही बोलत नाई. तू बोलत होता, म्हून तुयावर काढला." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "दे हात इकडं."

त्यानं उजवा हात पुढं केला. डावा मांडीवर होता, बाही बोटांपर्यंत ओढलेली. मनकर्णाबाईंनी मनगटाला दोरा गुंडाळला, टोकं धरली आणि इतक्या मोठ्यानं म्हणाल्या की खाली पार्बताबाईला ऐकू जावं. "हा माया कुंदनचा! माया पोटच्या पोराचा, कुंदन किसनरावचा!"

गाठ बसली.

सवयीनं त्यांचा अंगठा मनगटाच्या आतल्या बाजूला गेला, त्या डागावर. तिथं डाग नव्हता. कातडी गुळगुळीत होती आणि ताज्या पुसलेल्या फरशीसारखी गार. त्यांनी हात झटकायला हवा होता. पण अंगठ्याखाली काहीतरी हलत होतं. कातडी आधी जरा उबदार झाली, मग खरबरीत झाली, मग हळूच फुगून वर आली. अंगठा उचलून पाहिला, तर चिंचोक्याएवढा डाग होता. तिथंच, जिथं असायला हवा. फक्त ताजा, गुलाबी.

त्याच्या डाव्या बाहीतून काळ्या दोऱ्याचं टोक डोकावत होतं. आणि आता, पहिल्यांदाच, त्याच्या डोक्यामागचं ऊन जरा सरलं, आणि चेहरा दिसायला लागला. आधी नाक, मग कपाळ, एकेक जागेवर येत.

मनकर्णाबाईंचं तोंड किंकाळीसाठी उघडलं. ते उघडंच राहिलं. आपण कशासाठी ओरडणार होतो, हे त्यांना आठवेना.

"आई," कुंदन म्हणाला.

"काय रे बाप्पा?" त्या म्हणाल्या.

७

त्यांनी त्याच्यासाठी चहा टाकला. किती वाळला होता पोरगा. या खोलीत एकटा राहतो, खात नसेल धड. आजच घरी न्यायचा, मनोज आणि गीतांजलीलाही बरं वाटेल. डबे शोधता शोधता त्या त्याला रागावत होत्या, आणि तो पलंगावर बसून ऐकत होता.

मोबाईल वाजला. स्क्रीनवर नुसता नंबर होता, नाव नव्हतं.

"आई!" कोणीतरी पुरुष बोलत होता, धावत आल्यासारखा. "आई, तू कुठी आहे? मी घरी आलो, अमरावतीले. तुनं फोन केला म्हून सकायीच निंघालो. मनोज दार नाई उघडून रायला. म्हणते, तुमी चुकीच्या घरी आले. गीतांजली पोलिसाले बलावतो म्हणते. आई, त्याइले सांग न मी कोण आहो ते."

"कोण बोलून रायलं?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"आई, मी!"

"मी कोण? नाव नाई का तुले?"

पलीकडे तो काहीतरी म्हणायला गेला. एकदा, दोनदा. शब्द निघाला नाही. नुसता घसा घरघरला. मग तो रडायला लागला.

"हे पाय," मनकर्णाबाई म्हणाल्या, चिडून, पण अगदीच निष्ठुरपणे नाही, कारण पोरगा खरंच रडत होता. "माया थोरला पोरगा माया समोर बसला आहे. तू कोणाचा आहे ते तुया मायले विचार. पुन्हा इकडं फोन लावू नोको."

त्यांनी फोन बंद केला. चहा उतू जात होता, तो उतरवला. पण तो रडवेला आवाज काही त्यांच्या कानातून जाईना. कोणाचं पोरगं होतं कोण जाणे. असं दारात उभं राहून रडतं, आणि त्याची माय त्याला ओळखही देत नाही. कसल्या काळजाची बाई असेल ती?

कप भरून मनकर्णाबाईंनी रागानं भांडं आपटलं. ती बाई समोर असती, तर त्यांनी तिच्या थोबाडीत मारली असती.